पबातली बैठक

पब हा शब्द आपल्याकडं जरा बदनामच आहे. २००९ साली मंगळूरच्या पबात घुसून मुलींना मारहाण झाली, तेव्हा तर तो आठवडाभर घराघरातल्या टीव्हीवर होता. एरवीही पब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंधार, रंगीत दिवे आणि छातीत धडधडणारा आवाज येतो. त्यामुळं मथळा वाचून काही मैत्रिणींच्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ देत. पण मंडळी, पब म्हणजे मुळात ‘पब्लिक हाउस’, चारचौघांचं घर. आयर्लंडमध्ये तो अजून बराचसा तसाच आहे. आपल्या गावातलं चहाचं हॉटेल, पाराचा कट्टा आणि गुत्ता या तिन्हींची एकत्र मोट बांधली तर जे होईल, ते. पूर्वी लहान गावात त्याच दुकानात किराणा मिळायचा, आणि काही ठिकाणी पबवालाच शवपेटीपासून अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघायचा. म्हणजे पाळणा सोडला तर सगळंच तिथं!

माझी लेक आणि जावई डब्लिनला राहतात. जावई धारवाडचे, कन्नड घरातले. त्यांची मुलगी, म्हणजे माझी नात, नऊ वर्षांची, जन्मली तिथंच. गेल्या एप्रिलमध्ये मी आणि माझ्या विहीणबाई एकाच वेळी तिथं मुक्कामाला होतो. नात मला ‘आजी’ म्हणते आणि त्यांना ‘अज्जी’. एका जोडाक्षराचा काय तो फरक, पण हाक कुणाला आहे ते स्वयंपाकघरात बसून बरोबर कळतं. लेक तिच्याशी मराठीत बोलते, जावई कन्नडमध्ये, आणि ती दोघांनाही उत्तर देते इंग्रजीत. समजतं सगळं, बोलत काही नाही. ज्यांची नातवंडं पुण्या-बंगळूरला आहेत त्यांना हे घर ओळखीचं वाटेल; डब्लिनच कशाला हवं?

तिच्या शाळेत टिन व्हिसल शिकवतात. तिथल्या पुष्कळ प्राथमिक शाळांत शिकवतात म्हणे. सहा भोकांची पत्र्याची शिट्टी, तोंडाला उभी धरून वाजवायची. आपल्या बासरीची धाकटी बहीण म्हणा हवं तर. कार्टीला सात-आठ चाली चांगल्या यायच्या, पण घरी वाजव म्हटलं की दार लावून घ्यायची. तिच्या बाईंनी सांगितलं की घराजवळच्या पबात दर रविवारी संध्याकाळी ‘सेशन’ असतं, तिथं घेऊन या, कोपऱ्यात बसून ऐकू दे. झालं, आम्ही निघालो. दोन नऊवारी-पाचवारीतल्या म्हाताऱ्या, लेक, जावई आणि कोटाच्या खिशात शिट्टी लपवलेली नात. (नऊवारीतल्या विहीणबाई. मी आपली पाचवारी आणि वर लेकीचं जाडजूड जाकीट.)

दारात विहीणबाई थबकल्या. “इल्लिग्याक बंदेव्री, अक्कार?” म्हणाल्या. मी वयानं त्यांच्याहून लहान, तरी त्या मला ‘अक्कार’च म्हणतात. जावयांनी त्यांना समजावलं की इथं मुलांना घेऊन येतात, त्याचा कायदाच आहे. पंधरा वर्षांखालचं मूल आईवडिलांबरोबर असलं पाहिजे आणि रात्री नऊच्या आत बाहेर पडलं पाहिजे. मे ते सप्टेंबर तेवढी दहापर्यंत सवलत. आत गेलो तर खरंच दोन-तीन कुटुंबं जेवत बसलेली. धूर नाही, कारण २९ मार्च २००४ पासून तिथं पबात सिगरेट ओढायला बंदी आहे. सगळ्या कामाच्या ठिकाणी धूम्रपान बंद करणारा तो जगातला पहिला देश. आम्हाला भिंतीकडेचा बाक मिळाला, आणि चहा सांगितला तर एक अख्खी किटलीच आली. विहीणबाईंचा चेहरा जरा सैल झाला.

आता सेशनचं सांगते. मी स्टेज शोधत होते. स्टेज नव्हतंच, माईकही नव्हता. कोपऱ्यात एक गोल टेबल, त्याच्याभोवती आठ-दहा खुर्च्या आणि स्टुलं, आणि टेबलावर ग्लासांची गर्दी. वाजवणारे एकमेकांकडं तोंड करून बसलेले, म्हणजे निम्म्यांची पाठ आमच्याकडं. एक पांढऱ्या केसांचा बँजोवाला, दोन फिडलवाल्या मुली (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, नाव तेवढं घरगुती), एक लाकडी बासरी, एक कॉन्सर्टिना आणि एक बाउरॉन. बाउरॉन म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा, एका बाजूनं मढवलेला गोल डफ. आपली हलगीच की! फक्त ती आडव्या-उभ्या दोन काड्यांवर कडाडते, आणि हा एका आखूड लाकडी दांडीनं मऊ घुमतो.

कुणी कार्यक्रम जाहीर केला नाही. बोलता बोलता बँजोवाल्यानं एक चाल सुरू केली, दोन-चार सुरांत बाकीच्यांनी ती ओळखली आणि सगळे तिच्यात शिरले. चालीचे दोन भाग, आपल्या अस्ताई-अंतऱ्यासारखे. प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि प्रत्येक दोनदा. असं सगळं मिळून तीन वेळा झालं की न थांबता दुसरी चाल, मग तिसरी. दुसरी कुठली ते आधी ठरलेलं नसतं. सुरू करणारा भुवई उडवतो किंवा पाय जरा जोरात आपटतो, आणि मंडळी वळणावरून गाडी वळावी तशी वळतात. प्रत्येकाच्या डोक्यात अशा शेकडो चाली असतात. समोर कागद कुणाच्याच नव्हता.

मी तरुणपणी थोडी पेटी शिकले होते, त्यामुळं कान आपोआप सूर शोधायला लागतो. गंमत सांगू? या चालींना सगळे मिळून जेमतेम चार थाट पुरतात. आपल्या हिशेबानं बिलावल, खमाज, काफी आणि आसावरी. दुसरी की तिसरी चाल सुरू झाली आणि विहीणबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, “काफी अल्लेनरी?” अगदी काफीच. कोमल गंधार, कोमल निषाद, सगळं जागच्या जागी. फक्त मींड नाही, आंदोलन नाही. सुरावर बसायची उसंतच नाही, नुसती धावाधाव आणि मध्ये मध्ये बारीक मुरक्या. तालही ओळखीचे. ‘जिग’ सहा मात्रांची, दादऱ्याच्या चालीनं उड्या मारणारी. ‘रील’ चार-चाराची, केरव्यासारखी. नात शेजारी बसून मांडीवर बोटं नाचवत होती. शिट्टी अजून खिशातच.

कॉन्सर्टिना बघून मला आपल्या गावची आठवण झाली. सहा बाजूंची, मांडीवर मावणारी ती पेटी दोन्ही हातांनी ताणायची आणि दाबायची. आत धातूच्या पट्ट्या, भाता, हवा. वंश आपल्या हार्मोनियमचाच. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना मी सांगितलं, आमच्या बेळगावात पेटीचे एक फार मोठे वादक होऊन गेले, रामभाऊ, २०१० साली वारले. मराठी लोक त्यांना विजापुरे म्हणायचे आणि कन्नड लोक बिजापुरे, आणि दोन्ही बाजूंचे शिष्य एकाच सतरंजीवर बसायचे. गृहस्थ हसले. म्हणाले, आमच्याकडं तर एकेका चालीला पाच-पाच नावं असतात, आणि नावावरून भांडणंही होतात. ज्या चालीचं नाव कुणालाच ठाऊक नाही तिला ‘गान आन्यिम’ म्हणायचं. आयरिशमध्ये त्याचा अर्थ ‘बिननावाची’. मग मी कुठली हे विचारून झालं. महाराष्ट्राच्या सीमेवरची म्हटल्यावर ते म्हणाले, म्हणजे आमच्या लिओच्या वडिलांच्या मुलखातली. लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात तिथले पंतप्रधान होते, मूळ घराणं मालवण तालुक्यातल्या वराडचं. मालवण आमच्यापासून घाट उतरलं की आलंच, असं मी ठोकून दिलं.

खटकलं ते एकच. लोक बोलत होते! इकडं जीव तोडून वाजवणं चाललंय आणि तिकडं फुटबॉलच्या गप्पा, ग्लासांची खणखण, मोठमोठ्यानं हसणं. आपल्या बैठकीत कुणी पान लावताना आवाज केला तरी चार डोळे वटारले जातात. जावई म्हणाले, “आई, हे आपल्यासाठी वाजवतच नाहीत. एकमेकांसाठी वाजवतात. आपण नुसते शेजारी.” पटलं, तरी माझं मन काही पूर्ण मानलं नाही. मला विचाराल तर समेवर दाद देणारा श्रोता हाही गाण्यातलाच एक साथीदार असतो, आणि त्याला गाण्यातून वगळणं मला जमायचं नाही. पण एक गोष्ट मात्र बघत राहावी अशी होती. त्या टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या ठेवलेल्या. गर्दी वाढली तरी त्यांवर कुणी बसेना. पुढं एक म्हातारे गृहस्थ फिडलची पेटी घेऊन आले, आणि कुणी काही न बोलता त्यातली एक त्यांच्यासाठी ओढली गेली.

त्या खुर्चीचेही नियम आहेत बरं का. एकदम जाऊन बसायचं नाही, आधी नजरेनं विचारायचं. येत नसलेली चाल अंदाजानं वाजवायची नाही. गप्प बसून ऐकायची, घरी जाऊन बसवायची आणि पुढच्या खेपेला यायचं. बाउरॉन एकच असावा. दोन झाले की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. दोघा-तिघांना पबवाला थोडं मानधन देतो, म्हणजे ते दर रविवारी नक्की येतात आणि कोपरा उघडा राहतो. बाकीचे हौसेनं येतात. आपल्या गल्लीतलं भजन आठवा. तिथंही कोण नवीन आला तर आधी टाळ हातात यायचा, मग महिन्या-दोन महिन्यांनी एखादा अभंग, आणि पेटीला हात लावायचा मान फार पुढचा. आता आमच्याकडं देवळात वीस माणसं बसतात आणि भोंगा दोनशे घरांना ऐकवतो. नवीन मुलानं कुठं बसायचं आणि कुणाच्या शेजारी बसून शिकायचं, ते त्या भोंग्यातून कसं कळणार?

हे पबातलं वाजवणं फार जुनं असेल अशी माझी समजूत होती, पण ते तसं अलीकडचंच आहे. पूर्वी वाजवणं व्हायचं ते स्वयंपाकघरात, नाहीतर गावाबाहेरच्या चव्हाट्यावर, आणि तेही नाचासाठी. १९३५ साली सरकारनं कायदा केला की सार्वजनिक नाचाला परवाना पाहिजे. त्याचा बडगा घरगुती नाचांवरही पडला आणि वादक हळूहळू बेकार झाले. पुढं दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश लोक बांधकामाच्या मजुरीला लंडनला गेले. भाड्याच्या एका खोलीत चार-चार जण; तिथं कसलं वाजवणं? मग ते कॅमडन टाउनसारख्या भागातल्या पबात जमायला लागले आणि नाच मागं टाकून नुसतं वाजवायला लागले. ती रीत नंतर मायदेशी आली. त्याच्याही आधी, १९०३ मध्ये, शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १८५० चालींचा मोठा ग्रंथ छापला होता. तेही आयर्लंड सोडून गेलेलेच. आपल्या फौजेतले वादक पोलीस आणि शहरातले इतर आयरिश वादक गाठून त्यांनी त्या लिहून घेतल्या. घर सोडून गेलेल्यांनी घरचं सामान जपायचं, ही गोष्ट बेळगाव, बडोदा, इंदूरच्या मराठी माणसाला नवीन सांगायला नको.

जपायचं म्हणजे मात्र कधी कधी रस्त्यावर उतरावं लागतं. डब्लिनच्या स्मिथफील्ड भागात ‘कॉबलस्टोन’ नावाचा पब आहे, अशा वाजवण्यासाठी गाजलेला. २०२१ मध्ये त्या जागेवर मोठं हॉटेल बांधायची योजना आली. वादक वाद्यं घेऊन मोर्च्याला निघाले, हरकतींचा ढीग पडला आणि त्या नोव्हेंबरात नगरपालिकेनं परवानगी नाकारली. एका कोपऱ्यातल्या टेबलासाठी एवढं!

असो. पुन्हा आमच्या कोपऱ्याकडं येते. साडेसातच्या सुमारास बँजोवाल्याचं लक्ष नातीच्या बोटांकडं गेलं. त्यानं डोळ्यांनी विचारलं, वाजवतेस? ती लेकीच्या मागं लपली. तो काही आग्रह करत बसला नाही. त्यानं नुसती ती दुसरी रिकामी खुर्ची पायानं थोडी बाहेर सरकवली आणि आपलं तंबोरे-खुंट्यांचं काम करत बसला. पाच मिनिटं गेली. मग ही हळूच उठली, शिट्टी काढली आणि जाऊन बसली. शाळेत शिकलेली एक साधी जिग सुरू केली. आवाज इतका बारीक की बाजूच्या टेबलालाही ऐकू जाऊ नये. पहिल्या वेळेला कुणी वाजवलं नाही. दुसऱ्या वेळेला कॉन्सर्टिना अगदी हलक्या हातानं खाली आली, मग एक फिडल. तिसऱ्या वेळेला सगळे, पण लय तिचीच. एरवी घोडे उधळल्यासारखी वाजवणारी ती माणसं नऊ वर्षांच्या मुलीच्या पावलानं चालत होती. लेकीनं माझा हात धरला होता, तो मला नंतर दुखायला लागल्यावर कळला.

त्यानंतर ते फिडलवाले म्हातारे गायला लागले. वाद्यं सगळी खाली. आणि काय सांगू, अख्खा पब गप्प! फुटबॉल थांबला, ग्लास थांबले, गल्ल्यावरच्या मुलानंही नळ बंद केला. एकट्या माणसाचं, साथीशिवाय, डोळे मिटून गाणं. याला ‘शान-नोस’ म्हणतात, म्हणजे ‘जुनी रीत’. भाषा आयरिश. लय बांधलेली नाही, शब्द जसा येईल तसा सूर लांबतो. आवाज थकलेला होता, पण प्रत्येक ओळीला सूर जरा वेगळ्या जागी वळायचा. आपण ज्याला हरकत म्हणतो, अगदी ती.

गाणं झाल्यावर मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, काय सांगत होते हो गाण्यात? ते ओशाळले. म्हणाले, शाळेत तेरा वर्षं आयरिश शिकलो, पण हे काही नीट कळलं नाही. कुणीतरी समुद्रात बुडालंय एवढं समजलं.

वाचकहो, मला तिथं जरा गलबलून आलं. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, पण शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज बोलणारे निघाले ७१,९६८. देशाची वस्ती एक्कावन्न लाखांच्या वर. स्वतःचं राज्य आहे, घटनेत ती पहिली राजभाषा आहे, रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर ती आहे, शाळेत सक्तीची आहे. आणि तरी गाणं कळायला अडचण. इंग्रजांचं राज्य, दुष्काळ, परदेशगमन, सगळी कारणं पुस्तकात आहेत. पण मला त्या संध्याकाळी जे दिसलं ते असं, की चालींना त्या टेबलाशी दर रविवारी एक रिकामी खुर्ची असते आणि भाषेला होता तो शाळेतला बाक, परीक्षा झाली की उठायचा. पाट्यांवरून भांडणारे आम्ही सीमेवरचे लोक, दोन्ही बाजूंचे, हे जरा बघून आलो तर बरं. सूर टिकला म्हणून त्याच्या मागोमाग शब्दही टिकतील असं मला आता वाटत नाही. तिथल्या काही तरुणांनाही हे उमगलंय. २०१६ पासून डब्लिनमध्ये महिन्याला एखाद्या पबात आयरिश बोलणाऱ्यांनी जमायचं अशी टूम निघाली. व्याख्यान नाही, वर्ग नाही. यायचं, प्यायचं आणि मोडकंतोडकं का होईना बोलायचं. ती पुढं देशोदेशी पसरली.

तर, तिथं एक पद्धत आहे, ‘नोबल कॉल’. गाणारा माणूस गाऊन झाला की पुढं कोण गाईल ते त्यानं सांगायचं, आणि ज्याचं नाव आलं त्यानं नाही म्हणायचं नाही. म्हाताऱ्यांनी पबभर नजर फिरवली आणि ती आमच्या बाकावर येऊन थांबली. दोन साड्या! नातीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी विहीणबाईंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. “नीव हाडरी,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही गा, तुमचा गळा आहे. (खरंच आहे. धारवाडला त्यांच्या घरी शनिवारचं भजन कधी चुकलं नाही.) फिडलवाल्या मुलीनं विचारलं, सूर कुठला? आता हे तिला कसं सांगायचं? विहीणबाईंनी नुसता ‘सा’ लावला. मुलीनं ऐकला, दोन तारा एकदम गजानं धरल्या आणि घसरत घसरत विहीणबाईंच्या पट्टीपर्यंत आणल्या. फिडलच्या त्या शेजारशेजारच्या तारा मुळातच सा आणि पंचमाच्या अंतरावर लावलेल्या असतात. तंबोराच उभा राहिला म्हणा ना! आणि नऊवारीतल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या माझ्या विहीणबाईंनी डब्लिनच्या पबात, चहाचा कप बाजूला सारून, पुरंदरदासांचं एक पद सुरू केलं.

मी मांडीवर ताल धरला आणि धृपद आलं की पाठ उचलली. आमच्याकडच्या भजनात हे काही नवं नाही. तुकोबा झाले की पुरंदरदास येतात, पेटीवाला पट्टीसुद्धा बदलत नाही. भीमसेन जोशी संतवाणी गायचे तसंच दासवाणीही गायचे, आणि कुठल्या भाषेत गळा जास्त हलला ते सांगणं कठीण. पण इथं साथीला आयरिश मुलगी आणि समोर काही न कळणारी साठ माणसं, आणि ती तशीच गप्प, जशी मघाशी त्यांच्या म्हाताऱ्यासाठी होती. भाषा न कळताही त्यांनी भाषेचा मान ठेवला. तिसऱ्या कडव्याला मला बाजूनं एक बारीक आवाज ऐकू आला. नात गुणगुणत होती. शब्द नव्हते तिला येत. पण धृपदाची शेवटची दोन अक्षरं मात्र दोन्ही वेळा अचूक जागेवर टाकली.

साडेआठला उठलो. निघताना कॉन्सर्टिनावाला फोन घेऊन आला; त्याला ती चाल हवी होती. विहीणबाईंनी पुन्हा गाऊन दिली. नाव विचारलं तर त्यांनी त्याच्या वहीत कन्नडमध्ये लिहिलं, खाली मी देवनागरीत लिहिलं, आणि लेकीनं इंग्रजीत. घरी जाताना नात अज्जीला विचारत होती, त्या गाण्यात कोण कुणाला काय म्हणतंय? इंग्रजीतच विचारत होती. अज्जी कन्नडमध्ये सांगत होत्या. ती थांबून थांबून पुन्हा विचारत होती.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. या वेळी आधी विहीणबाईच तयार होऊन दारात. कॉन्सर्टिनावाल्यानं आठवडाभर मेहनत केली होती. त्यानं ती चाल सुरू केली आणि आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो. सूर सगळे बरोबर, पण दादऱ्याला जुंपून जिग केलेली! निषाद नुसता टोचून पुढं जायचा, जिथं त्यावर क्षणभर झुलायचं असतं. विहीणबाईंनी दोन आवर्तनं सोसलं. मग सरळ टेबलाशी गेल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हंगल्ल, हिंग.” आणि गाऊन दाखवलं.

तो बिचारा बघतच राहिला. आम्ही काही म्हणायच्या आत रिकाम्या खुर्चीवर बसलेली नात शिट्टी तोंडातून काढून त्याला इंग्रजीत म्हणाली, “अज्जी म्हणतात, तसं नाही, असं. तिथं थोडं थांबायचं.” मग अज्जीकडं वळून विचारलं, “अज्जी, ईग सरी?”

अज्जी म्हणाल्या, “इन्नोम्मे.” तिनं तेही त्याला सांगितलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली.